वेन चित्रांसाठी इंकस्केप: नववीच्या गणिताच्या बाईंकडून

नववीला पहिलंच प्रकरण 'संच'. त्याच्या कार्यपत्रिकेसाठी मला दरवर्षी वेन चित्र, म्हणजे संच दाखवणारी दोन वर्तुळं लागतात, एकमेकांत शिरलेली, आणि मधला छेद संच, म्हणजे दोन्हींतल्या सामाईक घटकांचा भाग, नुसत्या रंगावरून कळायला हवा. त्यासाठी मी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतं.

कंट्रोल दाबून ओढलं की वर्तुळ तयार, कंट्रोल-डीने त्याची प्रत. इथवर कुणालाही जमेल. पारदर्शकतेला मात्र 'फिल अँड स्ट्रोक' (आतला रंग आणि रेघ) या खिडकीत दोन पट्ट्या आहेत, त्यांतला फरक समजून घ्या. खालची 'ओपॅसिटी' कमी केली की कडेची रेघही फिकट होते, आणि झेरॉक्समध्ये संचाची हद्दच दिसेनाशी होते. 'फिल'मधली 'ए'ची पट्टी फक्त आतला रंग विरळ करते, रेघ ठसठशीत राहते. वेन चित्राला हीच हवी.

माझं खरं अडलं ते पुढे. पिवळं आणि आकाशी, दोन्ही ५० टक्के ठेवली. मधला भाग हिरवा झाला, पण पिवळसर. आकाशी वर आणलं तर तोच भाग निळसर! कारण साधं आहे: वरचा रंग अर्धा भरतो, खालच्याच्या वाट्याला उरलेल्याचा अर्धा, म्हणजे पावच येतो. एका मुलीने विचारलंही, "बाई, मधले घटक पिवळ्या संचाचे जास्त आहेत का?" A छेद B आणि B छेद A एकच, हे शिकवणाऱ्या चित्रात असा पक्षपात मला चालणार नव्हता.

उपाय त्याच खिडकीत सापडला. 'ए' पुन्हा १०० वर नेली आणि दोन्ही वर्तुळांना ब्लेंड मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळायची पद्धत, 'मल्टिप्लाय' दिला. यात रंगांचा अक्षरशः गुणाकार होतो, आणि गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच. मधे स्वच्छ हिरवा, वर कोणतंही वर्तुळ असो. मला फार आनंद झाला.

संयोग संचासाठी, म्हणजे दोन्ही संचांतले सगळे घटक एकत्र दाखवायला, उलट करा: दोन्ही वर्तुळं एकाच रंगाची, बिनरेघेची, कंट्रोल-जीने गट करा आणि ओपॅसिटी गटाला द्या. मधला भाग गडद न होता सगळा आकार एकसारखा दिसतो.

शाळेत वाटायच्या प्रती काळ्या-पांढऱ्याच निघतात. 'मल्टिप्लाय'मुळे छेद त्यांतही दोन्ही वर्तुळांपेक्षा गडद येतो, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही तो रंगाशिवाय ओळखता आला.