सहावी ते आठवीसाठी टिंकरिंग लॅब घ्यावी की हातकामाची कार्यशाळा?

खोली एकच, पैसे बेताचे आणि मुलांना वस्तू घडवायला शिकवायचंय. अशा शाळेपुढे साधारण दोन वाटा असतात. एक केंद्र सरकारच्या योजनेतल्या अटल टिंकरिंग लॅबसारखी: थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, रोबोटिक्सचे किट. दुसरी पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. त्यांच्या आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) अभ्यासक्रमात वेल्डिंग-सुतारकाम, शेती, ऊर्जा, आहार-आरोग्य सगळं येतं, आणि शिकवायला गावातलीच जाणकार माणसं असतात.

पैशांचं आधी. अटल योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. ते मिळालं नाही तर तसाच संच स्वतःच्या खर्चाने उभारणं लहान शाळेला झेपत नाही. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ड्रिल आणि भक्कम टेबलं यांना त्या मानाने फार थोडे पैसे लागतात.

किटची एक बाजू खरोखर उजवी आहे. प्रोग्राम चुकला तर आकडा बदलून मिनिटाभरात पुन्हा चालवता येतो, त्यामुळे मूल चुकायला घाबरत नाही. पण चाळीसच्या वर्गात पाच किट असले की दोघं जोडतात आणि बाकीचे बघतात. शिवाय तास संपला की सगळं सुटं होऊन डब्यात परत जातं.

लाकूड तसं परत जात नाही. माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलीने पाटाच्या चार पायांसाठी ४० सेंमी लाकडी पट्टीवर १०, २०, ३० अशा खुणा केल्या आणि कापलं. पाट काही केल्या डुगडुगायचा थांबेना. चारही पाय शेजारी उभे केले तर उंची सारखी नाही. ती बराच वेळ बघत बसली, मग टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करून म्हणाली, "सर, उरलेलं इथे आहे." करवतीच्या पात्याची जाडीही मोजायची असते, हे तिला मी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: सहावी-सातवीला कार्यशाळा, आठवीपासून इलेक्ट्रॉनिक्स. मात्र कार्यशाळेतही नमुना बघून तसंच बनवायला लावलं तर तो जुना कार्यानुभवाचा तास होतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या वयासाठी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि बाहुली अशी कामं तयार केली. त्यात मुलं आधी गटात चर्चा करतात, चित्र काढतात, साहित्याची यादी करतात, मगच कात्री हातात घेतात. हा क्रम दोन्ही वाटांवर पाळावाच लागेल.

वेळापत्रकात जागा नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला स्थानिक कारागिरांसोबत दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. गावातल्या सुतारकाकांशी त्या दहा दिवसांचं मानधन आधी ठरवा, खरेदीची यादी त्यांच्याच सोबत बसून करा.