सुरतेचा किल्ला की बॅलार्ड बंदर गेटहाऊस: खान्देशातून निघणाऱ्यांनी आधी काय पाहावे?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून मुलांना सागरी इतिहास दाखवायचा असेल, तर दोन जुन्या वास्तू आपल्या आवाक्यात आहेत: तापीकाठचा सुरतेचा किल्ला आणि मुंबईचे बॅलार्ड बंदर गेटहाऊस. एका सुटीत एकच जमणार असेल, तर खान्देशातील माणसाने आधी सुरत गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय म्हणून निव्वळ आरमार आणि जहाजेच हवी असतील, तर मात्र मुंबईचे पारडे जड आहे. बॅलार्ड पिअर या धक्क्याची आठवण म्हणून 1920 मध्ये उभारलेली ही वास्तू नौदलाने दुरुस्त करून तेथे सागरी संग्रहालय मांडले. ती लहान असल्याने पाहणे लवकर आटोपते. जाण्यापूर्वी वेळ मात्र विचारून घ्यावी.

सुरतेचा किल्ला पोर्तुगिजांच्या हल्ल्यांनी जेरीस आलेल्या गुजरातच्या सुलतानाने बांधवून घेतला आणि तो 1546 च्या सुमारास पुरा झाला. महापालिकेने जीर्णोद्धार करून तेथे केलेले संग्रहालय जहाजांपेक्षा किल्ल्याचा आणि शहराचा इतिहास अधिक सांगते, हे आधीच मान्य करतो. तरीही खंदक ओलांडून, भिंतींची जाडी हाताने चाचपत आत गेल्यावर मुलांना तापी दाखवावी. भुसावळच्या पुलाखालून वाहणारे आपले पाणी ते हेच. बऱ्हाणपूरचे कापड तापीच्या खोऱ्यातून सुरतेस येई आणि नदीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने मोठी जहाजे समुद्रकाठी सुवाळीस नांगरून उभी राहत व माल लहान होड्यांतून वा बैलगाड्यांतून त्यांच्यापर्यंत नेला जाई. 1615 मध्ये इंग्रजांचा राजदूत थॉमस रो सुरतेस उतरून बऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबारवरूनच. आपली बाजारपेठ समुद्राशी कशी जोडलेली होती, हे इतके जवळून मुंबईत उमगत नाही.

प्रवासाचे म्हणाल, तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी जाणारी तापी मार्गाची गाडी थेट सुरतेस पोहोचवते. जळगावहून हे अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे, तर मुंबई 400 च्या पुढे. शहाद्याकडच्या मंडळींनी आदल्या दिवशी मुलांना प्रकाशा गावच्या घाटावर नेऊन तापीत पाय बुडवू द्यावेत आणि मग गाडी धरावी.