लिंबाच्या झाडाखाली ‘कडुनिंब’: उद्यानवाटेवरील माहितीफलकांच्या सेवेविषयी

छत्रपती संभाजीनगरात आमच्या वसाहतीला लागून, टेकडीच्या उतारावर एक सार्वजनिक उद्यान आहे. पहाटे तेथे फिरायला येणाऱ्या मंडळींनी वर्गणी काढून आणि रीतसर परवानगी घेऊन सुमारे दीड किलोमीटरच्या पायवाटेवर माहितीफलक बसवून घेतले. जागांची निवड, मजकूर, चित्रे आणि उभारणी असे सगळे काम एका खासगी डिझाइन संस्थेकडे सोपवले होते. फलकांनी आता दोन उन्हाळे पाहिले आहेत. गावोगावच्या उद्यानांत आणि शाळांच्या आवारात असे काम काढण्याचा विचार अनेक जण करत असल्याने आमचा अनुभव येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम जे उत्तम झाले ते सांगतो. झाडाला लावलेली नावाची पाटी आणि वाटेवरचा माहितीफलक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या संस्थेला पक्के ठाऊक होते. नुसती माहिती दिली म्हणजे अर्थ उलगडला असे होत नाही, हा विचार अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या कामाच्या निमित्ताने लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली मांडला आणि माहितीफलकांच्या क्षेत्रातील मंडळी आजही तेथूनच सुरुवात करतात. संस्थेची माणसे आमच्याबरोबर चार वेळा वाट चालली. एकदा तर वैशाखातल्या भर दुपारी. लोक आपोआप कोठे थांबतात, याची त्यांनी वहीत नोंद केली. चढावर कोणी थांबत नाही; वळणावर, बाकाशी आणि पाण्याच्या नळापाशी सगळे थांबतात. आम्ही हौसेने वीस जागा सुचवल्या होत्या, त्यांनी त्या बारावर आणल्या. उथळ माती आणि बेभरवशाचा पाऊस असलेल्या या डोंगरावर झाडे कशी तग धरतात, हे एकच सूत्र त्यांनी बाराही फलकांतून नेले. त्यामुळे उन्हाळ्यात पाने गाळून खोल मुळांवर जगणारी बोर आणि पानझड झालेल्या फांद्यांवर फुलणारा पळस हे एकाच गोष्टीचे भाग होतात.

त्यांच्या कामाचा खरा कस खडकाजवळच्या फलकात दिसतो. वाटेच्या कडेला काळ्या पाषाणाचा एक उघडा पट्टा आहे आणि त्यात वाटाण्याएवढी भोके आहेत. फलकावर सुरुवातीलाच वाचणाऱ्याला खाली वाकून एका भोकात बोट घालायला सांगितले आहे. मग कळते की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसात अडकलेले वायूचे बुडबुडे म्हणजे ही भोके, काही भोकांत नंतर पांढरे स्फटिक तयार झाले आणि वेरूळची लेणी याच जातीच्या खडकात कोरलेली आहेत. सगळा मजकूर साठेक शब्दांचा आहे. फलक गुडघ्याच्या थोडा वर, तिरका बसवलेला असल्याने लहान मुलाला आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यालाही तो सहज वाचता येतो. मी एका दुसरीतल्या मुलीला पाचही बोटे पाच भोकांत घालून तशीच बसून राहिलेली पाहिले आहे.

मजकुराच्या भाषेबाबत मात्र आम्हाला फार भांडावे लागले. पहिल्या मसुद्यात प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव ठळक आणि मराठी नाव बारीक अक्षरांत होते, शिवाय ते मराठीही पुस्तकी होते. आमच्याकडे कडुनिंबाच्या झाडाला लिंब म्हणतात. आंबट फळ ते लिंबू आणि हे झाड ते लिंब. पाडव्याला गुढीला बांधायचा डहाळा आपण लिंबाचाच आणतो. अशा झाडाखाली फक्त ‘कडुनिंब’ असा मथळा वाचून आमच्यातल्या एका वृद्ध आजोबांनी, हे झाड कोणते नवीन लावले, असे अगदी मनापासून विचारले. प्रमाण नाव चुकीचे मुळीच नाही, ते फलकावर असलेच पाहिजे. परंतु जो माणूस रोज त्या सावलीत बसतो त्याचा शब्द आधी यायला हवा. संस्थेने हे अखेर मान्य केले आणि आठ फलक नव्याने लिहिले, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. आपट्याचा फलक तर दुसऱ्या लेखनात फारच चांगला उतरला: आपट्याचे आणि कांचनाचे पान शेजारीशेजारी खऱ्या आकारात काढलेले आहे, त्यामुळे दसऱ्याला कांचनाच्या फांद्या का ओरबाडल्या जातात हे न सांगता समजते. मुलांसाठीच्या दोन फलकांकडे मात्र त्यांनी लक्ष दिले नाही. मोठ्यांचाच मजकूर कापून लहान केला आहे. मुलांसाठी वेगळ्या वाटेने विचार करावा लागतो, हेही टिल्डन यांनीच सांगितले होते.

सर्वांत मोठी तक्रार साहित्याविषयी आहे. पत्र्यावर चिकटवलेल्या व्हिनाइलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर, छपाई केली होती आणि आपल्याकडचे ४२ अंशांचे ऊन त्यावर दिवसभर पडते. छपाईतला पिवळा आणि लाल रंग उन्हात आधी उडतो, निळा व काळा टिकून राहतो. परिणामी आमच्या पळसाच्या फलकावरची फुले आज निळसर राखाडी दिसतात, आणि फाल्गुनात त्याच्या मागे खरा पळस केशरी पेटलेला असतो. विचारणा केली तेव्हा देखभाल करारात नाही असे उत्तर मिळाले. कागदावर ते खरे आहे, परंतु साहित्य त्यांनीच निवडले होते आणि ऊन त्यांनी आमच्याबरोबर चालून पाहिले होते. चित्रांच्या मूळ फाइल देण्यासाठीही वेगळी रक्कम मागण्यात आली. हे मला अजिबात पटलेले नाही.

म्हणून माझे मत असे, की जागा निवडणे, सूत्र ठरवणे आणि मजकूर लिहिणे यासाठी मी याच संस्थेला पुन्हा बोलावीन. मात्र फलक घडवण्याचे काम वेगळ्या कारागिराकडे देईन. करारात साहित्याचे नाव, ते किती वर्षे टिकेल याची हमी, मूळ फाइलींचा हक्क आणि मसुदा स्थानिक माणसांना वाचून दाखवण्याची अट या चार गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. पत्र्यावर काचेचा लेप देऊन भट्टीत भाजलेल्या, म्हणजे इनॅमलच्या, जुन्या पाट्या उन्हापावसात अनेक दशके वाचता येतात आणि कोरलेल्या काळ्या दगडाला तर आपल्याकडे तोटा नाही. खडकाचा फलक दगडात आणि पळसाचा इनॅमलवर करून घेण्यासाठी आम्ही दर मागवले आहेत. पळस पुन्हा फुलण्याआधी त्याचा नवा फलक बसवायचा आहे.