उद्गमवर सापडलेली ठेव आणि नावातला ‘एक्स’

आमची आत्या फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती अविवाहित होती, स्वतःचा हिशेब स्वतःच ठेवत असे आणि “बँकेत माझे थोडे आहे” यापलीकडे त्याबद्दल कोणाशी बोलत नसे. २०२२ साली ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत पेन्शनचे पासबुक आणि टपाल खात्याचे एक जुने पुस्तक मिळाले. मुदत ठेवीची पावती मात्र कोठेच नव्हती. पुढे दोन वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या पोर्टलवर मी तिच्या नावाचा शोध घेतला. त्या पोर्टलची आणि त्यानंतर ज्या बँकेशी गाठ पडली तिच्या सेवेची ही नोंद, अशाच कामाला निघालेल्या गोमंतकीय वाचकांना उपयोगी पडावी म्हणून लिहीत आहे.

‘उद्गम’ १७ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यावर केवळ सात बँकांची माहिती होती. मार्च २०२४ पर्यंत ही संख्या तीसवर गेली आणि दावा न केलेल्या ठेवींच्या एकूण रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्याच्या कक्षेत आली. खात्यावर दहा वर्षे कोणताही व्यवहार झाला नाही, किंवा मुदत संपल्यानंतर दहा वर्षे ठेव कोणी मागितली नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग करते. याचा अर्थ पैसे बुडाले असा नाही. वारसाने दावा करायचा तो बँकेकडेच. बँक त्याला पैसे देते आणि नंतर स्वतः त्या निधीकडून भरपाई घेते. निधीत गेल्यानंतरच्या काळासाठी मे २०२१ पासून ३ टक्के दराने सरळ व्याज मिळते, जे फार नाही, पण शून्यही नाही.

पोर्टलचा वापर विनामूल्य आहे. मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने आत जायचे, खातेदाराचे नाव लिहायचे, बँका निवडायच्या आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी जे हाती असेल ते द्यायचे. एकाच वेळी सर्व बँका निवडता येतात, ही या सोयीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय, कारण सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्यानंतर गोव्यातील बाजारपेठांतल्या ओळखीच्या पाट्या बदलल्या आहेत आणि जुन्या पिढीच्या तोंडी असलेले बँकेचे नाव आज दारावर असेलच असे नाही.

पहिल्या शोधात काहीही निघाले नाही. वडील शेजारीच बसले होते, त्यांनी विचारले, “तू ‘श’ कसा लिहिलास?” आत्याचा जन्म १९३८ चा, म्हणजे तिची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेतली, आणि पोर्तुगीज लेखनात ‘श’ साठी ‘एक्स’ हे अक्षर येते. शाळेच्या कागदांत तेच उतरले आणि शाळेच्या कागदांवरून बँकेत तेच गेले. ‘एक्स’ घालून पुन्हा शोध घेताच बँकेचे नाव आणि तिने दिलेला संदर्भ क्रमांक समोर आला. खाते कोणत्या शाखेत आहे हे परक्या माणसाला कळू नये म्हणून ही क्रमांकाची योजना आहे आणि ती मला योग्य वाटली. ज्यांच्या घरात १९६१ पूर्वी जन्मलेल्या माणसांची कागदपत्रे आहेत, त्यांनी नाव आणि आडनाव दोन्ही जुन्या व नव्या स्पेलिंगने शोधल्याशिवाय हात टेकू नयेत.

शोधासाठी मी या पोर्टलला पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो त्यावरून दावा दाखल करता येत नाही म्हणून.

खरी परीक्षा बँकेत सुरू झाली. ठेव सत्तर हजारांची होती, २०११ साली तिची मुदत संपली होती आणि नामनिर्देशन केलेले नव्हते. आमच्याकडे फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयात केलेला उत्तराधिकाराचा दस्त आधीच तयार होता, कारण आत्याच्या वाट्याच्या घरासाठी तो करावाच लागला होता. गोव्यात वारसाहक्क २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने चालतो आणि ज्या प्रकरणात वारसांमध्ये वाद नाही तेथे विशेष नोटरीसमोर, म्हणजे उपनिबंधकासमोर, असा दस्त करून वारस ठरवता येतात. मूलबाळ नसलेल्या आणि आईवडील हयात नसलेल्या अविवाहित व्यक्तीचे वारस म्हणजे तिची भावंडे आणि मृत भावंडांची मुले. गोव्यात विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक होत असल्यामुळे त्या दस्तात वडिलांबरोबर आईचे आणि काकांबरोबर काकूचेही नाव आहे.

शाखेतील कर्मचाऱ्यांना हे सारे पाठ होते. मुख्यालयाच्या विधी विभागाने मात्र दोनदा लिहून कळवले की हा दस्त चालणार नाही, न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र आणा. तिसऱ्या खेपेला काउंटरवरील बाईंनी माझ्यापुढे फाइल सरकवून म्हटले, “आमकां कळटा, पूण वयल्यांक कळना.” (आम्हाला कळते, पण वरच्यांना कळत नाही.) त्यांनीच सुचवल्यावरून मी दस्ताबरोबर कायद्यातील संबंधित भागाची प्रत, मृत्यू दाखल्यातील ‘श’ आणि ठेवीतील ‘एक्स’ ही एकाच व्यक्तीची नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांनी वडिलांच्या नावे दिलेले संमतिपत्र जोडले, तेव्हा कोठे पाच महिन्यांनी व्याजासह लाखाच्या थोडी वर अशी रक्कम जमा झाली. वडिलांना या विलंबाचे आश्चर्य वाटले नाही. मुक्तीपूर्वी बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेत गहाण पडलेले गोमंतकीयांचे सोने लिस्बनला गेले ते १९९१ साली परत आले, आणि त्या मानाने पाच महिने काहीच नव्हेत, असे ते म्हणाले. मला ही तुलना बँकेच्या बाजूने जरा जास्तच उदार वाटते. शाखेला चार गुण, मुख्यालयाला एक. तोही पत्रांची उत्तरे लेखी दिली म्हणून.

आज कोणी हाच दावा करील तर त्याच्या हाती एक शस्त्र अधिक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार नामनिर्देशन नसलेल्या, वाद नसलेल्या दाव्यांत १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत वापरायची आहे, आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढला नाही तर उशिरासाठी व्याज द्यायचे आहे. आमच्यासारख्या रकमेसाठी न्यायालयाची पायरी दाखवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर या निर्देशांची प्रत ठेवावी. नामनिर्देशन असेल तर काम याहून सोपे होते, पण नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने, मालक म्हणून नव्हेत, हे गोव्यात तरी विसरून चालत नाही.

पतसंस्थांमधील आणि टपाल कार्यालयातील ठेवी ‘उद्गम’वर दिसत नाहीत. आत्याच्या ट्रंकेतील दुसरे पुस्तक टपाल खात्याचे आहे आणि त्यावरील नावातही ‘एक्स’च आहे, म्हणून त्या प्रतिज्ञापत्राची आणखी एक प्रत मी आधीच काढून ठेवली आहे.