पाट्या लावायच्या की वाट आखायची?

मोबाइलसाठी पहिलाच छोटा गेम करताय आणि खेळणाऱ्याला उडी मारायला कसं शिकवायचं यावर गाडी अडली असेल, तर मार्ग दोन: खेळ थांबवून सूचनांच्या पाट्या दाखवा, नाहीतर लेव्हलच अशी रचा की शिकल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

पाट्या झटपट होतात. शिवाय डबल टॅप किंवा दाबून धरणं नुसत्या अंदाजाने कळत नाही. डावपेचांच्या खेळात तर पाट्यांवाचून निभावणं कठीणच.

माझं मन उडालं ते मजकुरामुळे. सोलापुरात गेम खेळायला द्यायचा तर पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू. एकेक पाटी चार लिप्यांत. बरं, नुसतं मराठी ठेवलं तरी गेम बनवायच्या काही इंजिनांत (सॉफ्टवेअरांत) अक्षरजुळणीची सोयच नसते. मग ‘किल्ली’तली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. फॉन्ट बदलून काही होत नाही. प्रत्येक पाटीचं चित्र करून चिकटवायचं, आणि एक शब्द बदलला की पुन्हा नवं चित्र! गोडो 4 या इंजिनात हा त्रास नाही, हे कबूल. पण अंगठा स्क्रीनवर नाचतच असतो. पाटी उघडते आणि त्याच टॅपने मिटते. निदान पहिला अर्धा सेकंद तरी टॅप घेऊ नका.

रचनेचा धडा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या (1985) पहिल्या लेव्हलमध्ये बघा. समोरासमोर दोन जिने, मधली फट ओलांडायची. खाली जमीन, त्यामुळे पडलात तरी जीव जात नाही. लगेच पुढे तशीच जोडी, पण खाली थेट खड्डा. एका अक्षराचीही गरज नाही.

यात वेळ जास्त जातो, खोटं कशाला बोला. उडीची उंची आधी पक्की करा. नंतर बदललीत तर सगळे ठोकळे पुन्हा रचावे लागतात. साधी उडी 3 ठोकळ्यांची असेल तर डबल उडी (हवेत असतानाच मारलेली दुसरी उडी) शिकवणारी भिंत 4 ची हवी. 3 ची ठेवलीत तर खेळणारा साध्या उडीनेच चढतो आणि पुढच्या दरीपाशी अडकतो. भिंतीआधीचा खड्डा मात्र 2 ठोकळेच खोल ठेवा, म्हणजे चुकलेला बाहेर येतो.

तुमचा गेम डावपेचांचा असेल तर पाट्या घ्या, माझी हरकत नाही. धावण्या-उड्या मारण्याचा असेल तर मी रचनेकडेच झुकेन. डबल टॅपसाठी भिंतीवरच अंगठ्याचं हलतं चित्र काढा, आणि तेही खेळणारा 5 सेकंद तिथेच घुटमळला तरच दाखवा.