वर्गणी वसूल झाली का? तीन हंगामांचा हिशेब

शेतकरी संघटनेची वर्गणी म्हणजे मोर्चे आणि भाषणं, असं मला वाटायचं. आमच्या संघटनेचा सल्ला विभाग वेगळा निघाला.

पहिल्या हंगामात गहू 14 टक्के ओलाव्याचा भरला. खरेदीदाराने 12 टक्क्यांचा निकष दाखवून 100 क्विंटलमागे 4 क्विंटल कापले. संघटनेतल्या ताईंनी पावतीच्या पाठीमागे गणित मांडलं: 14 टक्के पाणी म्हणजे 86 क्विंटल कोरडा माल, तो 12 टक्क्यांवर आणला तर 97.73 क्विंटल भरतो. घट सव्वादोनची, कापले चार! पुढच्या करारात घटीचं सूत्रच लिहून घेतलं.

वजनकाट्याचंही तसंच. रिकामी गाडी चालक आणि ताडपत्रीसकट मोजायची, भरलेली मात्र चालक खाली उतरल्यावर, म्हणजे चालकाचं वजन आपल्या मालातून वजा. हेही ताईंनीच दाखवलं. हे मी इतकी वर्षं नुसतं बघत उभी होते, आता काय बोलणार!

संघटनेचा खतांच्या तुलनेचा तक्ता कामाचा. पोत्याची किंमत नाही, अन्नद्रव्याची धरा, हे ताईंचं पालुपद. युरियात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, अमोनियम सल्फेटमध्ये 21. मात्र दुसऱ्यात गंधकही मिळतं, ते तक्त्यात धरलेलंच नव्हतं. कळवलं, दुरुस्त झालं.

वाहतुकीत मात्र निराशा. ऐन काढणीत गाड्या मिळेनात, तेव्हा संघटनेने नुसतं निवेदन दिलं. गाड्या आल्या त्या तिसऱ्या आठवड्यात, तोवर अर्धा माल झाकून खळ्यातच होता. फोनही दुपारनंतर कुणी उचलत नाही.

पाचपैकी साडेतीन. वर्गणी भरली आहे पुढच्या वर्षाची.