कॅम्पर व्हॅनच्या खिडक्यांची घरी शिवलेली उष्णतारोधक कव्हरे: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

आमच्या कॅम्पर व्हॅनसाठी, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, घरी शिवलेली ही कव्हरे मार्चअखेरीस वापरात आली आणि त्यानंतर त्यांनी ग्वाल्हेरचे तिन्ही ऋतू पाहिले. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीत तोच दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, तिथे अशा वस्तूचे गुणदोष लपून राहत नाहीत. माझे मत आधीच सांगते: कव्हर कशाचे केले यापेक्षा ते चौकटीत कडेपर्यंत किती घट्ट बसते, यावरच त्याचा उपयोग ठरतो. चकचकीत फॉइलची चर्चा फार होते, कडांची होत नाही, आणि प्रत्यक्षात उष्णता असो वा थंडी, ती कडेनेच आत येते.

गाडी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतलेली आहे. मेळ्यात मिळणाऱ्या वाहनकराच्या सवलतीमुळे इथली बरीच मराठी घरे गाडीची खरेदी त्या दिवसांपर्यंत लांबवतात, तशी आम्हीही लांबवली होती. छत आणि बाजूचे पत्रे आतून फोम लावून घेतले होते. उरल्या होत्या त्या काचा. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे ५.७ वॅट उष्णता निघून जाते. काचेआड दहा मिलिमीटर जाडीचा चांगला थर बसवला, तर हाच आकडा हिशेबाने अडीच वॅटच्या आत येतो. उन्हाळ्यात प्रश्न वेगळा असतो. भर दुपारी सूर्यासमोरच्या एक चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊर्जा पडते आणि स्वच्छ काच तिच्यातील बराच मोठा भाग आत सोडते. म्हणजे पुढची काच उघडी ठेवून गाडी उन्हात लावणे हे आत तापलेली इस्तरी चालू ठेवण्यासारखेच आहे. आत शिरलेले ऊन आसनांवर आणि डॅशबोर्डवर शोषले जाते, त्या वस्तू तापून जी उष्णता बाहेर टाकतात ती काचेतून सहजासहजी परत जात नाही, आणि गाडीची भट्टी होते.

काचांवर काळी फिल्म चिकटवावी, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तिला मनाई केली, आणि १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील शंभराव्या नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. गाडी उभी असतानाच लावायचे आणि निघताना काढायचे कव्हर या कटकटीत पडत नाही.

रचना तीन थरांची आहे. काचेकडे बबल फॉइल (हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकवर चढवलेली चकचकीत फॉइल), मधे पॉलिएस्टरचे वॅडिंग (कापसासारखा मऊ, जाड थर) आणि आत, आपल्या बाजूला, गडद रंगाचे टेरिकॉट. मधल्या थरासाठी आमच्याकडे पहिला विचार कापसाचाच झाला, कारण ग्वाल्हेरात थंडीच्या तोंडावर रजया भरून घेण्याची रीत अजून आहे आणि पिंजलेला कापूस हाताशी असतो. पण कापूस ओल धरतो, त्याच्या गाठी होतात आणि उभ्या टांगलेल्या वस्तूत तो खाली उतरतो. थर्माकोल स्वस्त आहे, मात्र दुमडताना तुटतो आणि त्याचा चुरा अंथरुणात येतो. वॅडिंग ओले झाले तरी लवकर वाळते, आणि इतक्या महिन्यांनंतर आमच्या कव्हरांमध्ये ते कुठेही खाली बसलेले नाही.

फॉइल घेताना ती खऱ्या ॲल्युमिनियमची आहे की नुसत्या चंदेरी प्लॅस्टिकची, हे पाहून घ्यावे. स्वच्छ ॲल्युमिनियम उष्णतेच्या किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत फिरवते. वरून प्लॅस्टिकचा जाड पापुद्रा असेल तर हा गुण बराच उतरतो. शिवाय फॉइलसमोर थोडी मोकळी हवा हवी. ती काचेला घट्ट टेकली, तर तापलेली काच तिला स्पर्शानेच उष्णता देते आणि किरण परतवण्याचा प्रश्न मागे पडतो. काच आणि फॉइल यांच्यात बोटभर अंतर राहील अशा बेताने कव्हर चौकटीच्या आतल्या ओठावर बसवले आहे. उन्हाळ्यात चमक बाहेर आणि हिवाळ्यात आत, असे उलटसुलट लावण्याचा सल्लाही ऐकला होता. आम्ही दोन्ही ऋतूंत ती बाहेरच ठेवली. हिवाळ्यात काम वॅडिंग आणि कडा करतात, आणि रात्री दिव्याच्या उजेडात चारी बाजूंनी चंदेरी भिंती पाहत झोपण्याची माझी तरी तयारी नाही.

आता बेतण्याविषयी, कारण निम्मे यश तिथेच आहे. प्रत्येक खिडकीचा फर्मा स्वतंत्र घ्यावा. डावी आणि उजवी खिडकी दिसायला सारखी असली, तरी फर्मा उलटा करून बसवून पाहिल्यावर कोपऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरची तफावत हमखास निघते. जाड खाकी कागद काचेवर चिकटपट्टीने लावून, चौकटीच्या कडेवरून बोटाचे नख फिरवले की कागदावर स्पष्ट घडी उमटते. त्या घडीवर पेन्सिलने रेघ ओढावी आणि कागद काढण्याआधीच त्यावर खिडकीचे नाव, वरची बाजू आणि आतली बाजू लिहावी. कापड कापताना फर्म्याच्या बाहेर चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जादा धरले. तीन थर एकत्र शिवले की जाडीमुळे कव्हर आक्रसते, म्हणून या सेंटिमीटरातील काही भाग शिलाईच खाऊन टाकते. उरलेला भाग चौकटीत दाबून बसतो आणि तोच फट बंद करायला उपयोगी पडतो. घट्ट बसण्यासाठी कोपरे चौकटीपेक्षा किंचित जास्त गोल ठेवणे हा मात्र चुकीचा मार्ग आहे; कोपऱ्यात फट राहिली की रात्री थंड हवेचा झोत नेमका तिथून मानेवर येतो.

शिलाई घरच्याच मशीनवर केली. सुई १८ नंबरची, टीप शक्य तितकी लांब. फॉइलवर जवळजवळ टीप घातली तर सुईच्या छिद्रांची ओळ तयार होते आणि ताण पडताच कव्हर तिथून फाटते, हे सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिराने आधीच बजावले होते. फॉइल मशीनच्या पायाखाली अडकते, सरकत नाही. तिच्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवले आणि नंतर कागद ओढून काढला, तेव्हा काम सुरळीत झाले. मधोमध रजईसारख्या चौकटी शिवण्याचा मोह होतो, पण प्रत्येक टिपेखाली वॅडिंग दबते आणि दबलेल्या जागी त्याचा उपयोग उरत नाही. मग मधले अस्तर जागचे हलू नये यासाठी करायचे काय? सासूबाई म्हणाल्या, "अगं, गादीला घालतो तसे टाके घाल, लांबलांब. धरून ठेवायला तेवढे पुरे." तसे मोजके टाके हाताने घातले आणि कडेला तिरक्या कापडाचा गोट लावला. हा गोट केवळ शोभेचा नाही. फॉइलची उघडी कड हाताला लागते आणि रोजच्या काढण्याघालण्यात सर्वांत आधी तीच उसवते.

बसवण्याच्या साधनांचा अनुभव संमिश्र आहे. बाजारच्या तयार पडद्यांबरोबर येणारे रबरी व्हॅक्युम कप मे महिन्यात टिकत नाहीत. काच तापली की रबर मऊ पडते, कप सुटतो आणि दुपारी परत आल्यावर पडदा आसनावर लोळत असतो. चिकटपट्टीचे वेल्क्रो काही आठवडे चांगले राहिले, पुढे उष्णतेने त्याचा गोंद पाझरू लागला आणि चौकटीवर चिकट मळ धरला. सर्वांत समाधानकारक ठरले ते गोटाच्या आत, छोट्या खिशांत शिवून टाकलेले चुंबक, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की चौकट लोखंडी पत्र्याची हवी. प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर चुंबक निरुपयोगी आहे. दुसरी अट चुंबकाच्या जातीची. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली ओढ कायमची गमावू लागतात, आणि उन्हात काचेमागच्या चौकटीचे तापमान त्याच्या जवळपास जाऊ शकते. ज्या बाजूला दुपारचे ऊन पडते तिथे आम्ही काळे फेराइट चुंबक वापरले. ते जाड आणि जड असतात, ओढ कमी असते, म्हणून संख्येने जास्त लागतात, पण उष्णतेची त्यांना पर्वा नाही. निओडिमियमवरचा मुलामा टवकला की ते गंजतात आणि कापडावर तांबूस डाग पडतो, म्हणून खिशाचे एक तोंड कच्च्या टाक्यांनी बंद करून ठेवावे, म्हणजे धुताना चुंबक काढता येतात. संपूर्ण कामात सर्वांत महाग बाबही चुंबकांचीच होती.

उन्हाळ्यातील उपयोगाबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण इथे अपेक्षा अवास्तव असतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी कव्हरे लावली, तर दुपारी गाडीत शिरताना जीव घाबरा होत नाही, स्टिअरिंगला हात लावता येतो आणि पाण्याच्या बाटल्या पिण्याजोग्या राहतात. गाडी तापल्यावर लावली तर फारसा लाभ नाही, कारण आत साठलेली उष्णताही तीच कव्हरे अडवून धरतात. ओरछ्याला बेतवेकाठी उन्हाळ्यात मुक्काम होता तेव्हा सूर्य मावळताच सर्व कव्हरे काढून, काचा सरकवून, मच्छरदाणीची जाळी लावली, तरच झोप लागली. दगडी फरसबंदीजवळ लावलेली गाडी मध्यरात्रीपर्यंत खालून तापतच राहते. तेव्हा उन्हाळी रात्रीसाठी या कव्हरांचा आधार धरू नये. ती दिवसाची सोय आहे.

पुढच्या काचेसाठी आतल्या कव्हराऐवजी बाहेरून टाकायचे कव्हर केले, आणि सर्वांत जास्त फरक त्यानेच पडला. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते, त्यामुळे काच आणि डॅशबोर्ड यांच्यामधली पोकळी तापत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टे ठेवले असून ते पुढच्या दारांत चिमटून दारे लावली की कव्हर कोणाला सहज ओढून नेता येत नाही. लू सुटली की मात्र ते शिडासारखे फुगते आणि फडफडते. वायपरखाली दाबूनही आवाज थांबत नाही. खालच्या कडेत वाळूची पुरचुंडी शिवल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

पावसाळ्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. ओलसर कव्हर गुंडाळून ठेवले की आतल्या कापडाला कुबट वास येतो. ते उलगडून, उन्हात नव्हे तर वाऱ्यावर वाळवावे, म्हणजे फॉइलचे थर सुटत नाहीत.

हिवाळ्यात कव्हरांनी आपली किंमत वसूल करून दिली, आणि एक नवे कामही लावून दिले. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासावाटे आणि अंगावाटे अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. कव्हरामुळे खोलीसारखी ऊब आत राहते, पण कव्हराआडची काच बाहेरच्याइतकी थंड होते. कडेच्या फटीतून आलेली दमट हवा तिच्यावर पाणी होऊन ओघळते आणि खालच्या रबरी पट्टीत साचते. सकाळी कव्हर काढले की काचेवरून सरीच्या सरी उतरत असतात, आणि पहिला चहा होण्याआधी फडके हाती घ्यावे लागते. यावर उपाय म्हणून कडा आणखी घट्ट कराव्यात आणि त्याच वेळी छताचे झरोके किंवा एखादी काच वरून बोटभर उघडी ठेवावी, हे दोन्ही एकत्र हवे. थंडीत झरोका बंद करावासा वाटतो, तरी तो करू नये. आमच्या भागात शेगडी पेटवून ऊब घेण्याची सवय फार आहे, तिच्यासाठी गाडीत जागाच नाही: बंद गाडीतील कोळशाचा किंवा गॅसचा जाळ कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि इतकी घट्ट कव्हरे लावलेल्या गाडीत तो जिवावर बेततो.

सामान ठेवण्याची गैरसोय मात्र आहेच. वॅडिंगची कव्हरे दुमडत नाहीत, गुंडाळावी लागतात, आणि सर्व मिळून एका माणसाच्या अंथरुणाएवढी जागा घेतात. ती लावायच्या क्रमाच्या उलट गुंडाळली, तर मुक्कामी पोहोचल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. कमी जागेच्या गाडीत दिवसा उन्हासाठी नुसत्या बबल फॉइलचा संच ठेवावा आणि वॅडिंगची कव्हरे फक्त थंडीच्या प्रवासात न्यावीत, असे मी सुचवेन. ज्यांच्या चौकटी प्लॅस्टिकच्या आहेत त्यांनी चुंबकांवर पैसे न घालवता कव्हराच्या कडेत पातळ लवचीक फोमची पट्टी शिवून ते दाबून बसवावे. मागच्या दाराच्या प्लॅस्टिक पट्टीवर आम्ही हेच केले असून ते आजवर एकदाही सुटलेले नाही. येत्या चैत्रापूर्वी सरकत्या दाराच्या खिडकीलाही तशीच पट्टी लावायची आहे, कारण दार आपटले की तिथले चुंबक अजूनही जागा सोडतात.